रहस्यपटाचा प्रारंभ : ज्ञानाचे वाटप आणि चित्रपटतंत्र

प्रस्तावना

रहस्यकथा हा साहित्यप्रकार मराठी वाचकाला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांनी एका पिढीला वाचनाची गोडी लावली. पुढे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या लेखनाने भय आणि गूढ यांना मराठीत हक्काचे स्थान मिळवून दिले. चित्रपटाच्या क्षेत्रातही राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा रहस्यपट इतका प्रभावी ठरला की त्यावरून राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) दिग्दर्शित केला. अशी परंपरा असूनही रहस्यपटाविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा शेवटाभोवतीच फिरत राहते. खुनी कोण निघाला, उलगडा पटला की नाही, शेवटचा धक्का कितपत अनपेक्षित होता, असे प्रश्न विचारले जातात. प्रारंभाचा विचार मात्र अभावानेच होतो.

वस्तुतः रहस्यपटाच्या शेवटाची परिणामकारकता त्याच्या प्रारंभावर अवलंबून असते. शेवटी जे उघड होते ते सुरुवातीला झाकलेले असावे लागते. आणि झाकलेले आहे याची जाणीवही प्रेक्षकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपात द्यावी लागते. ही दुहेरी जबाबदारी पहिल्या काही मिनिटांतच पार पाडावयाची असते. प्रस्तुत लेखात रहस्यपटाच्या प्रारंभासाठी वापरल्या जाणाऱ्या तंत्रांचा परामर्श घेतला आहे. या तंत्रांची केवळ यादी देण्याऐवजी त्यांच्यामागील सूत्र शोधण्याचा येथे प्रयत्न आहे. हे सूत्र असे मांडता येईल : रहस्यपटाचा प्रारंभ हे प्रेक्षक आणि पात्र यांच्यातील ज्ञानाचे वाटप असते, कॅमेरा, ध्वनी, संकलन व प्रकाशयोजना ही त्या वाटपाची साधने होत, आणि हे वाटप प्रामाणिक आहे की नाही यावर संपूर्ण चित्रपटाची विश्वासार्हता ठरते. विवेचनाच्या ओघात काही चित्रपटांची रहस्ये उघड करणे अपरिहार्य झाले आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

१. प्रारंभ म्हणजे नेमके काय?

प्रारंभ म्हणजे चित्रपटाची पहिली पाच किंवा दहा मिनिटे, अशी कालमर्यादा घालून व्याख्या करणे योग्य होणार नाही. पहिल्या प्रतिमेपासून प्रेक्षकाच्या मनात मुख्य प्रश्न रुजेपर्यंतचा भाग म्हणजे प्रारंभ, अशी कार्यात्मक व्याख्या अधिक उपयुक्त ठरते. काही चित्रपटांत हा प्रश्न तीन मिनिटांत रुजतो, तर काहींत त्यासाठी अर्धा तास लागतो. श्रेयनामावलीचाही यात समावेश करावा लागतो. कारण अनेक रहस्यपटांत ती कथनाचाच एक भाग असते.

भारतीय नाट्यविचाराला ही कल्पना अपरिचित नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अर्थप्रकृतींपैकी पहिली ‘बीज’ ही आहे आणि पाच संधींपैकी पहिल्या ‘मुखसंधी’त या बीजाची उत्पत्ती होते असे मानले आहे. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे राजकीय कारस्थानाचे नाटक या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्याच्या प्रस्तावनेत सूत्रधार चंद्रग्रहणाविषयी बोलत असतो. ते शब्द पडद्यामागून चाणक्याच्या कानी पडतात. चंद्र म्हणजे चंद्रगुप्त असा अर्थ घेऊन तो संतापाने गर्जतो आणि मगच रंगमंचावर येतो. पात्र दिसण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकू येणे, एका वाक्याचे दोन अर्थ होणे आणि संकटाची चाहूल लागणे, हे सारे पहिल्या काही क्षणांतच घडते. त्याच अंकात राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागते. यापुढे राक्षसाला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते. नाटकातील ताण या तफावतीतूनच निर्माण होतो. चित्रपटाने हे तत्त्व नव्याने शोधले नाही. त्याला नवी साधने मात्र दिली.

२. ज्ञानाच्या वाटपाचे तीन प्रकार

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी १९६२ साली केलेल्या प्रदीर्घ संभाषणात एक दृष्टान्त दिला होता. टेबलाभोवती माणसे गप्पा मारीत बसली आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नसेल तर स्फोटाच्या क्षणी त्याला काही सेकंदांचा धक्का बसेल. परंतु बॉम्ब ठेवताना त्याने पाहिले असेल, स्फोटाची वेळही त्याला ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा त्याच्यासाठी पंधरा मिनिटांची उत्कंठा बनतील. घटना एकच, वाटप निराळे.

हा दृष्टान्त थोडा विस्तारल्यास रहस्यपटाच्या प्रारंभाचे तीन प्रकार संभवतात. पहिल्यात प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक माहिती असते, त्याला आपण ‘अधिक ज्ञान’ म्हणू. दुसऱ्यात प्रेक्षक आणि पात्र बरोबरीने चालतात, ते ‘सम ज्ञान’. तिसऱ्यात चित्रपटातील कोणाला तरी जे ठाऊक आहे ते प्रेक्षकापासून राखून ठेवलेले असते, ते ‘न्यून ज्ञान’. अनेक चित्रपट पुढे एका प्रकारातून दुसऱ्यात जातात. तथापि प्रारंभी कोणता प्रकार निवडला आहे यावरून कॅमेरा कोठे ठेवावयाचा, काय ऐकवायचे आणि कोठे कापायचे हे बव्हंशी ठरून जाते.

३. अधिक ज्ञान : सलग दृश्य आणि चौकटीबाहेरचा आवाज

ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८) या चित्रपटाचा प्रारंभ हिचकॉक यांच्या दृष्टान्ताचे जणू प्रात्यक्षिकच आहे. पहिल्याच चौकटीत दोन हात बॉम्बचे घड्याळ लावताना दिसतात. एक आकृती धावत जाऊन तो बॉम्ब मोटारीच्या मागील कप्प्यात ठेवते. एक धनिक व त्याची मैत्रीण येऊन मोटार सुरू करतात. छायालेखक रसेल मेटी यांचा क्रेनवरील कॅमेरा इमारतींच्या वर चढतो, पुन्हा खाली येतो आणि अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरील गजबजलेल्या गावातून त्या मोटारीबरोबर मागे सरकत राहतो. वाटेत एक नवविवाहित दांपत्य पायी चालताना भेटते. मोटार कधी त्यांच्या पुढे जाते, कधी अडथळ्यामुळे थांबते, कधी चौकटीबाहेर जाते. सुमारे साडेतीन मिनिटांच्या या दृश्यात एकही काप नाही.

येथे सलग चित्रण का निवडले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. संकलनात काप घेतला की पडद्यावरील काळ लांबवता किंवा आखडता येतो, हे प्रेक्षकाला अनुभवाने ठाऊक असते. काप नसेल तर ती सुटकेची वाट बंद होते. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे बॉम्बच्या घड्याळातलाही एक सेकंद. शिवाय मोटार आणि दांपत्य एकाच चौकटीत पुन्हा पुन्हा जवळ येत असल्याने ज्यांच्याशी आपली नुकतीच ओळख झाली त्यांच्याविषयीची चिंता दर फेरीला वाढते. स्फोट प्रत्यक्ष होतो तेव्हा कॅमेरा दांपत्यावर असतो. आवाज प्रथम येतो आणि मगच काप घेऊन जळती मोटार दाखवली जाते. चित्रपटातील हा पहिला काप आहे.

याच प्रारंभाच्या बाबतीत ध्वनीचा एक दुर्मीळ प्रयोग उपलब्ध आहे. निर्मितिसंस्थेने १९५८ साली चित्रपट प्रदर्शित केला तेव्हा या दृश्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे पार्श्वसंगीत होते. वेल्स यांना हे मान्य नव्हते. चित्रपटाच्या संकलनाविषयी त्यांनी १९५७ मध्ये ५८ पानांचे टिपण संस्थेला पाठवले होते. त्या टिपणाच्या आधारे १९९८ साली वॉल्टर मर्च यांनी चित्रपटाचे पुनर्संकलन केले. श्रेयनामावली हलवली गेली, पार्श्वसंगीत काढले गेले आणि त्याजागी रस्त्यावरचे आवाज आले : निरनिराळ्या उपाहारगृहांतून ऐकू येणारे संगीत, मोटारीतील रेडिओ, माणसांचे बोलणे. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला सांगते की काहीतरी भयंकर घडणार आहे. मोटारीतील रेडिओ मात्र सांगतो की मोटार आता कोठे आहे. ती चौकटीत नसली तरी तिचा आवाज जवळ येतो आणि दूर जातो. एका आवृत्तीत भीती बाहेरून लादली जाते. दुसरीत प्रेक्षक माहितीच्या आधारे स्वतः भिऊ लागतो.

आवाज आणि रिकामी चौकट यांचा याहूनही जुना वापर जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लँग यांच्या ‘एम’ (१९३१) मध्ये आढळतो. हा लँग यांचा पहिला बोलपट होता, ही बाब लक्षणीय आहे. चाळवजा इमारतीच्या अंगणात मुले गोल करून खुन्याविषयीच्या गाण्यावर खेळत आहेत. एक आई कपडे धूत मुलीची वाट पाहते आहे. घड्याळात दुपारचे बारा वाजतात. मुलगी शाळेतून परतताना चेंडू खेळते. तो ज्या खांबावर आपटतो त्यावर खुन्यासाठी इनाम जाहीर करणारे पत्रक चिकटवलेले आहे आणि त्या पत्रकावर एका माणसाची सावली पडते. त्याचा चेहरा आपण पाहत नाही. आवाज ऐकतो, शीळ ऐकतो. त्यानंतर आई मुलीला हाका मारू लागते आणि त्या हाकांवर लँग एकापाठोपाठ एक निर्मनुष्य चित्रे ठेवतात : रिकामा जिना, कपडे वाळत घालण्याचा रिकामा माळा, जेवणाच्या टेबलावरचे न वापरलेले ताट. झुडपातून चेंडू घरंगळत येतो. मुलीला घेऊन दिलेला फुगा तारांत अडकतो. हत्येचे एकही चित्र नाही, तरीही प्रेक्षकाला सर्व समजलेले असते. आईला मात्र समजलेले नसते. अधिक ज्ञान येथे उत्कंठेपुरते राहत नाही, ते करुणेचे कारण होते.

४. सम ज्ञान : नायकाच्या नजरेची मर्यादा

हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’ (१९५४) या चित्रपटाचा प्रारंभ संवादाविना परिचय करून देण्याचा आदर्श मानला जातो. श्रेयनामावली चालू असताना खिडकीवरचे बांबूचे पडदे वर जातात. कॅमेरा न्यूयॉर्कमधील एका सदनिकासमूहाच्या मागील अंगणावरून फिरतो आणि खोलीत परत येऊन घामेजलेल्या कपाळावर थांबतो. तापमापकाचा पारा नव्वद अंशांच्या पलीकडे गेलेला आहे. मग प्लास्टरमधला पाय, त्यावर लिहिलेले नाव, मोडका कॅमेरा, शर्यतीच्या मोटारीच्या अपघाताचे छायाचित्र, मासिकांची चळत. नायक छायाचित्रकार आहे, धाडसी आहे, अपघातात जायबंदी झाला आहे, उकाड्यामुळे सर्वांच्या खिडक्या उघड्या आहेत आणि त्याला बघत बसण्याखेरीज उद्योग नाही, एवढी माहिती एका वाक्याचाही आधार न घेता मिळते.

यापैकी प्रत्येक तपशील पुढील कथानकाची अट आहे. पाय मोडला नसता तर नायक समोरच्या इमारतीत जाऊन शहानिशा करून आला असता. उकाडा नसता तर खिडक्या बंद असत्या. कॅमेरा त्या खोलीशी बांधला गेल्यामुळे प्रेक्षकही जायबंदी होतो. नायकाला जेवढे दिसते तेवढेच बहुतांशी त्यालाही दिसते. पुढे एका प्रसंगी नायक झोपलेला असताना समोरचा संशयित एका स्त्रीबरोबर बाहेर पडतो आणि ते फक्त प्रेक्षकाला दिसते. सम ज्ञानाचा नियम इतक्या काटेकोरपणे पाळला असल्यामुळेच त्याचा हा भंग अस्वस्थ करतो.

हिंदी चित्रपटातील सम ज्ञानाचे उत्तम उदाहरण म्हणून राज खोसला यांच्या ‘वह कौन थी’ (१९६४) चा उल्लेख करावा लागेल. पावसाळी रात्र आहे. डॉक्टर एकटाच मोटार चालवत आहे. दिव्यांच्या झोतात पांढऱ्या साडीतील एक स्त्री रस्त्यात उभी दिसते. तो तिला मोटारीत घेतो. काचेवरचे वायपर बंद पडतात, समोरचे काही दिसेनासे होते; ती मात्र आपल्याला रस्ता दिसतो असे सांगून त्याला वाट दाखवते. कब्रस्तानापाशी ती उतरते, फाटक आपोआप उघडते आणि ती दिसेनाशी होते. कृष्णधवल छायालेखनात पांढरी साडी, ओली काच आणि हेडलाइटचा प्रकाश यांखेरीज फारसे काही चौकटीत नाही. प्रकाशयोजना केवळ वातावरणनिर्मिती करीत नाही; डॉक्टरच्या ज्ञानाची सीमा ती आखून देते. हेडलाइट जेथे संपतो तेथे त्याचे आणि आपलेही जग संपते. ही घटना पारलौकिक की मानवी, हा प्रश्न दोघांनाही एकाच वेळी पडतो.

५. न्यून ज्ञान : तोडलेली घटना आणि राखून ठेवलेले नाव

तिसऱ्या प्रकारात प्रेक्षकाला घटना दाखवली जाते, पण तिचा एक भाग कापून. विजय आनंद दिग्दर्शित ‘तीसरी मंझिल’ (१९६६) च्या प्रारंभी मसुरीतील हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून एक तरुणी रात्री खाली कोसळते. आपण तिचे पडणे पाहतो. पडण्याचे कारण पाहत नाही. तो आत्मघात असू शकतो, खूनही असू शकतो. मृत तरुणीची बहीण आत्मघात गृहीत धरून, त्याला जबाबदार समजलेल्या माणसाचा सूड घेण्यासाठी निघते आणि पुढचे नाचगाणे, विनोद व प्रणय यांच्याखाली हा अर्धवट प्रसंग सतत तेवत राहतो. संकलकाची कात्री येथे दोन तुकडे जोडत नाही. कार्यकारणाचा दुवा नेमका तोडते. आणि चित्रपटाचे नाव तुटलेला दुवा कोठे शोधावा याची खूण करून ठेवते.

डेव्हिड फिंचर यांच्या ‘सेव्हन’ (१९९५) मध्ये हीच कामगिरी श्रेयनामावलीवर सोपवलेली आहे. काइल कूपर यांनी रचलेल्या या नामावलीत कोणाचे तरी हात वह्या शिवतात, कागद कापतात, मजकूर खोडतात, बोटांची कातडी पात्याने तासतात. खुनी पडद्यावर उघडपणे येतो तो फार उशिरा. त्याचे हात मात्र आपण आरंभीच पाहिलेले असतात. केव्हिन स्पेसी या प्रसिद्ध नटाचे नाव आरंभीच्या नामावलीत मुद्दाम दिलेले नाही. ते दिले असते तर तो कोणत्या भूमिकेत येणार याची वाट प्रेक्षक पाहू लागला असता. एक नाव न छापणे हेही तंत्र असू शकते.

श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ (२०१८) चा प्रारंभ आपल्या अधिक परिचयाचा वाटेल. पुण्यातील चित्रपट संस्थेत शिक्षण घेतलेल्या या दिग्दर्शकाने कथानकही पुण्यातच योजले आहे. तथापि चित्रपट सुरू होतो तो कोबीच्या शेतात. एक ससा, त्याच्या मागे बंदूक घेतलेला माणूस, गोळीचा आवाज, आणि प्रसंग तेथेच तोडला जातो. यानंतर पियानो वाजवणाऱ्या नायकाची कथा सुरू होते आणि प्रेक्षक सशाला विसरतो, किंवा विसरल्यासारखे करतो. शेवटाकडे तो ससा पुन्हा येतो तेव्हा पहिला प्रसंग आपल्या जागी बसतो. बसतो म्हणजे नायकाच्या निवेदनात बसतो. ते निवेदन कितपत खरे, याविषयी शेवटची चौकट नवी शंका निर्माण करते. येथे प्रेक्षकाला माहिती आधीच दिलेली आहे, फक्त तिचे स्थान सांगितलेले नाही.

६. लपवणे आणि फसवणे

न्यून ज्ञानाच्या या उदाहरणांवरून एक नैतिक स्वरूपाचा प्रश्न उभा राहतो. रहस्यपटाने प्रेक्षकापासून काही लपवणे हे त्याच्या स्वभावातच आहे. मग लपवणे कोठे संपते आणि फसवणे कोठे सुरू होते?

हिचकॉक यांचा ‘सायको’ (१९६०) येथे उपयोगी पडतो. आरंभी फीनिक्स शहराचे विहंगम दृश्य दिसते. पडद्यावर शहराचे नाव, शुक्रवार, ११ डिसेंबर आणि दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटे अशी अक्षरे उमटतात. कॅमेरा अनेक खिडक्यांतून एक निवडतो आणि अर्धवट उघड्या पडद्याखालून आत शिरतो. विवाह लांबलेले एक प्रेमी युगुल, पैशांची चणचण आणि थोड्याच वेळात ४०,००० डॉलरची चोरी. प्रेक्षक समजतो की ही चोरीची कथा आहे. पाऊण तासानंतर ती समजूत कोलमडते. तरीही आपण फसवले गेलो असे तो म्हणत नाही. कारण जे दाखवले त्यातील काहीही खोटे नव्हते. किंबहुना सॉल बास यांची तुकड्या-तुकड्यांत दुभंगणारी श्रेयनामावली आणि बर्नार्ड हरमन यांचे केवळ तंतुवाद्यांवर रचलेले कर्कश संगीत यांनी चोरीपेक्षा भीषण काहीतरी पुढे आहे हे पहिल्याच मिनिटात सांगितले होते. प्रेक्षकाने ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा नियम त्या वेळी चित्रपटगृहांना घालून देण्यात आला होता. प्रारंभ चुकलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट समजणारच नाही, याची दिग्दर्शकाला खात्री होती.

याच दिग्दर्शकाच्या ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) चा प्रारंभ मात्र वादग्रस्त ठरला. पोलिसांपासून पळणारा एक तरुण मोटारीत आपल्या मैत्रिणीला सांगतो की एका अभिनेत्रीने पतीचा खून केला आणि ती रक्ताने माखलेल्या कपड्यांत त्याच्याकडे आली. त्याच्या निवेदनाबरोबर ती घटना पडद्यावर दिसते. शेवटी उलगडते की निवेदन खोटे होते आणि खुनी तो स्वतःच होता. पात्र खोटे बोलले यात वावगे काही नाही. परंतु कॅमेराही त्याच्याबरोबर खोटे बोलला, असा आक्षेप घेतला गेला. पुढे त्रुफो यांच्याशी बोलताना हिचकॉक यांनी स्वतः ही आपली चूक असल्याचे मान्य केले.

त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०) प्रदर्शित झाला. त्यातही कॅमेरा परस्परविरोधी साक्षी तितक्याच खरेपणाने दाखवतो. त्या सर्वच खऱ्या असणे अशक्य आहे. तरीही तेथे फसवणुकीचा आक्षेप टिकत नाही. याचे कारण प्रारंभात आहे. मुसळधार पावसात मोडक्या वेशीखाली बसलेला लाकूडतोड्या सुरुवातीलाच आपल्याला काही उमगत नाही असे पुटपुटतो. ऐकलेल्या साक्षींनी त्याचा आणि सोबतच्या भिक्षूचा माणसावरचा विश्वास हादरलेला आहे. पुढे जे दिसेल ते साक्ष म्हणून पाहा, सत्य म्हणून नव्हे, हा नियम चित्रपटाने आरंभीच घालून दिला. ‘स्टेज फ्राइट’ने असा नियम घातला नाही. तंत्र जवळपास सारखेच. फरक पडला तो प्रारंभी केलेल्या कराराने.

७. नवोदितांसाठी उपयोजन

महाविद्यालयीन पातळीवर तयार होणारे रहस्यप्रधान लघुपट पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. प्रारंभी धूर, वीज, सुऱ्याचे समीपदृश्य आणि पार्श्वसंगीताचा मारा असतो. परंतु कोणाला काय ठाऊक आहे, हे ठरवलेले नसते. वातावरण असते, प्रश्न नसतो. यावर उपाय खर्चिक नाही. चित्रणापूर्वी कागदावर तीन रकाने आखावेत : पहिल्या तीन मिनिटांच्या अखेरीस पात्राला काय ठाऊक आहे, त्याच्या विरोधकाला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. हे रकाने भरले की तंत्राची निवड आपोआप सुचू लागते.

एक साधा प्रसंग घेऊ. एस.टी. स्थानकावर एका तरुणीची पिशवी बदलली जाते. अधिक ज्ञानाचा मार्ग घेतला तर ती चौकशीच्या खिडकीशी उभी असताना मागे बाकावर पिशवी बदलली जाताना दाखवावी लागेल. कॅमेरा स्थिर, काप नाही. पुढे ती, मागे पिशवी, दोन्ही एकाच चौकटीत. सम ज्ञानाचा मार्ग घेतला तर कॅमेरा तिची साथ सोडणार नाही. कंडक्टरची डबल बेल वाजेल, बस सुटेल, ती तिकिटासाठी पिशवीत हात घालील आणि हाताला परकी वस्तू लागेल. न्यून ज्ञानाचा मार्ग घेतला तर चित्रपट रिकाम्या फलाटावरच्या बेवारस पिशवीपासून सुरू होईल. ध्वनिक्षेपकावरून बसची घोषणा होत असेल, दूर जाणारी पाठमोरी स्त्री दिसेल आणि दृश्य तेथेच तुटेल. पिशवी, स्थानक, तरुणी तीच. पण प्रत्येक मार्ग पुढचा निराळा चित्रपट मागतो. तिन्हींत धुराची गरज कोठेच पडत नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रहस्यपटाच्या प्रारंभाचे मुख्य कार्य प्रेक्षकाला घाबरवणे हे नसून, त्याला किती कळावे हे ठरवणे हे आहे. भीती, उत्कंठा, करुणा व कुतूहल हे त्या निर्णयाचे परिणाम होत.

२) कोणतेही तंत्र स्वतंत्रपणे प्रभावी नसते. सलग चित्रण ‘टच ऑफ इव्हिल’मध्ये प्रभावी ठरते, कारण बॉम्ब आपण आधी पाहिलेला असतो. तेच चित्रण बॉम्बविना गावाचा फेरफटका ठरले असते.

३) ध्वनीचे सामर्थ्य मोठेपणात नसून माहिती देण्यात आहे. मोटारीतील रेडिओ, शीळ किंवा आईची हाक हे आवाज कथेच्या आतले असल्याने विश्वसनीय वाटतात.

४) प्रारंभ हा प्रेक्षकाशी केलेला अलिखित करार असतो. माहिती राखून ठेवण्याचा अधिकार दिग्दर्शकाला आहे. पण कथा संपल्यावर प्रेक्षकाने मागे वळून पाहिले असता पहिली मिनिटे खरी उतरली पाहिजेत, निदान त्यांकडे कोणत्या नजरेने पाहावे हे तरी त्याला आरंभी सांगितले गेले असले पाहिजे.

रहस्यपटाकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. परंतु कोणाला काय ठाऊक आहे, कोणी काय लपवले आहे आणि दिसते ते कितपत खरे मानावे, हे प्रश्न चित्रपटगृहापुरते मर्यादित नाहीत. चांगल्या रहस्यपटाचा प्रारंभ हे प्रश्न विचारण्याची सवय प्रेक्षकाला लावतो. म्हणूनच हा चित्रपटप्रकार शिकवताना शेवटच्या धक्क्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष पहिल्या काही मिनिटांकडे दिले जाणे आवश्यक आहे.